वैद्यकाचा संशय, पालकांचा भुर्दंड

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची प्रमुख संघटना असलेल्या ‘अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पिडियाट्रिक्स’ने डिसेंबर २०२४ मध्ये एका दुर्मीळ बालविकारासंबंधी अहवाल प्रसिद्ध केला. घशाच्या संसर्गानंतर किंवा अन्य आजारानंतर लहान मुलांत एकाएकी उद्भवणाऱ्या मानसिक लक्षणांचा हा विकार ‘पॅन्स’ आणि ‘पॅन्डाज’ या आद्याक्षरी नावांनी ओळखला जातो. ज्या पालकांनी पाव शतक अशा अहवालाची वाट पाहिली, त्यांच्या पदरी त्यातून निम्मेच काही पडले. असा विकार असू शकतो आणि या मुलांचे व त्यांच्या घरच्यांचे हाल खरे आहेत, हे मान्य झाले. परंतु त्याचे कारण कोणते आणि त्यावर कोणते उपचार निश्चित लागू पडतात, याविषयीचा पुरावा अपुरा आहे, असेही त्यात नमूद झाले. शास्त्राला जे उमगलेले नाही ते उमगलेले नाही असे सांगणे हा शास्त्राचा प्रामाणिकपणाच होय. या प्रामाणिकपणाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न मात्र अर्थव्यवहाराचा आणि लोकनीतीचा आहे. आजवर त्याचे उत्तर एकच राहिले आहे : मुलाचे आईबाप.

एका रात्रीत पालटलेले मूल

या विकाराचे स्वरूप आधी ध्यानात घेतले पाहिजे. सात-आठ वर्षांचे, हसतेखेळते, शाळेत रमणारे मूल एक-दोन दिवसांतच ओळखू येईनासे होते. हात पुनःपुन्हा धुणे, दाराची कडी दहा वेळा तपासणे, एकच प्रश्न आईला असंख्य वेळा विचारून तेच उत्तर त्याच शब्दांत मागणे, अशा ज्या वर्तनाला मराठीत मंत्रचळ म्हणतात, ते अचानक सुरू होते. काही मुले घास घशात अडकेल किंवा अन्न दूषित असेल या भयाने जेवणच सोडतात. मूल आईला क्षणभरही दृष्टीआड होऊ देत नाही, रात्री झोपत नाही, वारंवार लघवीला जाते; डोळे मिचकावणे, मान झटकणे सुरू होते; एरवी शांत असणारे पोर संतापाने हात उगारते. काल वळणदार असलेले अक्षर आज रेघ सोडून भरकटते. काही आठवड्यांनी वा महिन्यांनी ही लक्षणे ओसरतात, घरात सुटकेचा निःश्वास टाकला जातो, आणि पुढच्या एखाद्या तापाबरोबर सारे पुन्हा उसळून येते.

मंत्रचळ जडलेल्या बहुसंख्य मुलांत हा विकार हळूहळू वाढत जातो आणि त्याचा संसर्गाशी संबंध दिसत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. पॅन्डाजचे वेगळेपण त्याच्या आकस्मिकतेत आणि चढउतारात आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील डॉ. सुसान स्वीडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली अशा ५० मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा या विकाराला प्रथम नाव मिळाले. त्यामागची कल्पना मात्र नवी नव्हती. स्ट्रेप्टोकोकस हा जंतू घशात शिरला की काही मुलांत पुढे ऱ्हुमॅटिक ताप येतो आणि हृदयाच्या झडपा निकामी होतात, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत होते. त्याच तापाचे एक रूप म्हणजे हातापायांच्या अनैच्छिक हालचाली. थॉमस सिडनहॅम या इंग्रज वैद्याने त्यांचे वर्णन १६८६ मध्येच करून ठेवले होते. जंतूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे गफलतीने स्वतःच्याच पेशींवर उलटतात. हृदयावर उलटली तर झडपा बिघडतात आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रांवर उलटली तर हालचाली आणि वर्तन बिघडते, असा हा तर्क आहे. पुढे २०१२ मध्ये ही व्याख्या रुंदावण्यात आली आणि स्ट्रेप्टोकोकसखेरीज अन्य कारणांनी उद्भवणारी तशीच लक्षणे ‘पॅन्स’ या नावाखाली घेण्यात आली.

तर्क सुसंगत असला तरी तेवढ्याने सिद्धान्त होत नाही. डेन्मार्कमधील दहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, स्ट्रेप्टोकोकसची बाधा आढळलेल्या मुलांत मंत्रचळाचे प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांनी अधिक दिसले. परंतु अन्य जंतूंमुळे घसा बिघडलेल्या मुलांतही, कमी प्रमाणात का होईना, मनोविकारांचा धोका वाढलेला आढळला. म्हणजे दोष एकाच जंतूचा की एकूण दाहाचा, हे अनिर्णीतच राहिले. उपचारांची कथा तशीच आहे. दात्यांच्या रक्तद्रवातून काढलेली इम्युनोग्लोब्युलिन नावाची प्रतिपिंडे शिरेवाटे दिल्याने स्पष्ट गुण येतो, असे १९९९ मधील एका छोट्या चाचणीत दिसले. २०१६ मधील ३५ मुलांच्या चाचणीत मात्र खरे औषध आणि लुटुपुटीचे औषध यांत ठळक फरक आढळला नाही.

चूक कोणाची, दंड कोणाला

अशा स्थितीत निर्णय घेणाऱ्यापुढे दोन प्रकारच्या चुका संभवतात. आजार नसताना महागडे आणि धोक्याचे उपचार करणे ही एक चूक. आजार असताना ‘हे मानसिक आहे, जाईल आपोआप’ म्हणून उपचार नाकारणे ही दुसरी. पहिली चूक झाली तर तिचा खर्च विमा कंपनीला किंवा सरकारी तिजोरीला पडतो, शिवाय ती डॉक्टरच्या नावावर नोंदली जाते. दुसऱ्या चुकीची नोंद कोठेच होत नाही. मूल दोन वर्षे शाळेला मुकते, आई नोकरी सोडते, घरावर कर्ज चढते. पण यांपैकी एकही आकडा कोणाच्या ताळेबंदात उतरत नाही. ज्या चुकीचा दंड दुसऱ्याने भरायचा असतो ती चूक संस्थांना स्वस्त वाटते. अमेरिकेतील विमा कंपन्या ‘उपचार प्रायोगिक स्वरूपाचे आहेत’ या एका वाक्यावर दावे फेटाळत आल्या, त्यामागे दुष्टपणाच असेल असे नाही; हे गणितही आहे.

इम्युनोग्लोब्युलिनची मात्रा मुलाच्या वजनावर ठरते. चाचण्यांत वापरलेले प्रमाण किलोमागे दोन ग्रॅमचे होते. म्हणजे पंचवीस किलो वजनाच्या मुलाला एका खेपेस पन्नास ग्रॅम औषध लागते. ते हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून तयार होते आणि त्याचा पुरवठा मर्यादित असतो. अमेरिकेत या एका खेपेचे बिल हजारो डॉलरचे होते, आणि पुन्हा उसळी आली तर पुन्हा खेप लागू शकते. मध्यमवर्गीय कुटुंबाला हा खर्च पेलणारा नाही.

याहून मोठा खर्च बिलात दिसतच नाही. जे काम करता आले असते पण करता आले नाही त्याचे मोल, म्हणजे अर्थशास्त्रातील संधी-खर्च, या घरांत फार मोठा असतो. मूल आईला सोडत नाही, शाळेत जात नाही, रात्रभर जागते. तेव्हा दोघांपैकी एकाला, आणि बहुधा आईला, घरी बसावे लागते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रुग्णालयात या विकारासाठी स्वतंत्र चिकित्सालय आहे. तेथील संशोधकांनी पालकांवरील भाराचे मापन केले, तेव्हा विकाराच्या प्रत्येक उसळीबरोबर तो भार वाढत असल्याचे आढळून आले. भावंडांकडे झालेले दुर्लक्ष, नवरा-बायकोतील बेबनाव, सणसमारंभांतून घेतलेले अंग, हे तर कोणत्याच मापाने मोजता येत नाही.

लाड की उपचार?

या पालकांची कोंडी केवळ पैशाची नाही. मूल जेव्हा दाराची कडी अकराव्यांदा तपासायला सांगते, तेव्हा आईने काय करावे? ती उठली नाही तर मूल तासभर आकांत करते. उठली तर मंत्रचळाला खतपाणी मिळते. पालक मुलाच्या विधींत जितके सामील होतात तितके ते विधी घट्ट होतात, ही गोष्ट मानसशास्त्रात चांगली प्रस्थापित झालेली आहे. येल विद्यापीठातील एली लेबोविट्झ यांनी बालकांच्या चिंताविकारांसाठी तयार केलेल्या पद्धतीत उपचारासाठी मुलाला बोलावलेच जात नाही. पालकांना शिकवले जाते. मुलाची भीती खरी आहे हे मान्य करायचे, ती सोसण्याचे बळ त्याच्यात आहे असा विश्वास बोलून दाखवायचा, आणि विधींतील आपला सहभाग ठरवून, आधी सांगून, हळूहळू कमी करायचा, असे तिचे सूत्र आहे. मुलावर प्रत्यक्ष केलेल्या वर्तनोपचारापेक्षा ही पद्धत कमी पडत नाही, असे चाचणीत दिसून आले आहे.

परंतु ज्या मुलाच्या मेंदूत दाह असण्याचा संभव आहे, त्याच्या बाबतीत हा खंबीरपणा क्रौर्य ठरेल काय, ही शंका आईबापांना पोखरत राहते. तज्ज्ञांच्या एका गटाने २०१७ मध्ये सुचवलेली दिशा येथे उपयोगी आहे. त्यांनी मानसोपचार आणि वर्तनोपचार, दाह कमी करणारे उपचार आणि संसर्गाचा बंदोबस्त या तीन बाजू एकाच वेळी सांभाळण्याचा सल्ला दिला. पाय मोडलेल्या माणसाचे हाड जुळवावे लागते आणि त्याला पुन्हा चालायलाही शिकवावे लागते. एक केले म्हणून दुसरे टळत नाही. उसळी तीव्र असताना मागणे थोडे कमी करावे, ओसरताच पुन्हा वाढवावे, हे तारतम्य पुस्तकातून येत नाही. त्यासाठी पाठीशी जाणता सल्लागार असावा लागतो, आणि अशा सल्ल्याची तासांमागे फी द्यावी लागते. विमा कंपन्यांचा हात सर्वांत आखडता असतो तोही येथेच.

कायद्याने सुटलेले आणि न सुटलेले

पालकांच्या चळवळीमुळे अमेरिकेतील इलिनॉय राज्याने २०१७ मध्ये एक कायदा केला. पॅन्स आणि पॅन्डाजच्या निदानाचा व उपचारांचा, इम्युनोग्लोब्युलिनसह, खर्च विम्यातून देणे त्याने कंपन्यांवर बंधनकारक केले. पुढे इतर काही राज्यांनीही तोच मार्ग धरला. पालकांच्या दृष्टीने हा मोठा विजय होता, आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

तरीही या कायद्यात एक उणीव आहे. कोणता उपचार गुणकारी हे विधिमंडळात मतदानाने ठरत नाही. कायद्याने खर्च देवविला, परंतु ज्या संशयापायी तो नाकारला जात होता, तो संशय होता तेथेच राहिला. १९९८ मध्ये विकाराला नाव मिळाले आणि त्यानंतर अठरा वर्षांनी झालेल्या चाचणीत मुले होती अवघी ३५. याचे कारण शोधायला दूर जाण्याची गरज नाही. रुग्ण थोडे, प्रतिजैविके जुनी आणि स्वस्त, वर्तनोपचाराचे तर पेटंटच निघत नाही; तेव्हा मोठ्या चाचण्यांवर पैसा ओतण्यात कोणत्याही कंपनीला नफा दिसत नाही. ज्ञान ही सार्वजनिक वस्तू आहे आणि बाजारावर सोपवली तर ती नेहमी तुटपुंजीच निर्माण होते. पॅन्डाजभोवतीच्या अनिश्चिततेतील बराच मोठा भाग अशा न झालेल्या खर्चाचा आहे.

यावर मध्यम मार्ग उपलब्ध आहे. अमेरिकेतील वृद्धांची सरकारी विमा योजना ‘मेडिकेअर’ काही नव्या उपचारांचा खर्च एका अटीवर देते : रुग्णाची नोंद ठेवली पाहिजे आणि उपचाराचा परिणाम संशोधकांना कळवला पाहिजे. हीच अट या विकाराला लावली असती, तर प्रत्येक देयकासोबत पुराव्याचा एकेक कण जमा झाला असता. दहा वर्षांत एक तर उपचार सिद्ध झाले असते, नाही तर निरुपयोगी ठरून मुलांची त्यांतून सुटका झाली असती. दोन्ही निष्पत्ती पालकांच्या हिताच्याच आहेत. अनिश्चिततेचा भार समाजाने उचलायचा तो ती अनिश्चितता संपवण्यासाठी, हे तत्त्व त्या कायद्यात उतरले नाही.

येथे काय करता येईल

भारताचा या चर्चेशी संबंध काय, असे विचारले जाणे स्वाभाविक आहे. ज्या जंतूपासून ही कहाणी सुरू होते, त्याच्याशी या देशाचा परिचय अमेरिकेपेक्षा अधिक निकटचा आहे. ऱ्हुमॅटिक तापाने झडपा बिघडलेली मुले अमेरिकेत आता विरळा दिसतात. भारतीय रुग्णालयांना ती अनोळखी नाहीत. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांची ज्या विकारांसाठी तपासणी होते, त्यांत ऱ्हुमॅटिक हृदयविकाराचा समावेश आहे. त्या तपासणी पथकाने मुलाच्या छातीला नळी लावतानाच, गेल्या काही महिन्यांत याच्या वागण्यात वा अक्षरात एकाएकी बदल झाला काय, एवढा एक प्रश्न शिक्षकांना विचारला तर त्याला वेगळा खर्च येत नाही.

अर्थात येथे एक धोका आहे. भारतात प्रतिजैविके चिठ्ठीशिवायही मिळतात आणि त्यांना न जुमानणारे जंतू वाढत आहेत. प्रत्येक हट्टी किंवा घाबरट मुलाला पॅन्डाजच्या नावाखाली प्रतिजैविके देणे सुरू झाले, तर रोगापेक्षा उपाय भयंकर ठरेल. पुष्कळ निरोगी मुलांच्या घशात हा जंतू नुसता वस्तीला असतो, आणि पूर्वीच्या बाधेची खूण रक्तात सापडली म्हणून आजच्या लक्षणांचे कारण सिद्ध होत नाही. घशातील नमुना तपासून बाधा असेल तर पुरेसे दिवस औषध द्यावे, नसेल तर देऊ नये, एवढी शिस्त पाळणे शक्य आहे, आणि ती स्वस्तही आहे.

महाग आहे ते पुढचे. ‘मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७’ मे २०१८ मध्ये अमलात आला. मानसिक आजाराच्या उपचारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच विम्याची तरतूद करावी, असे त्याच्या एकविसाव्या कलमात सांगितले आहे. व्यवहारात बहुतेक विमापत्रे रुग्णालयात दाखल झाल्यावर होणाऱ्या खर्चापुरतीच असतात, आणि मंत्रचळावरील वर्तनोपचार तर दर आठवड्याला बाह्यरुग्ण म्हणून घ्यावा लागतो. कायद्याने दिलेली समानता विमापत्राच्या बारीक अक्षरांत अशी हरवते. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी स्वतःच्या खिशातून केला. २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांच्या मानाने ही सुधारणा मोठी आहे. परंतु शरीर आणि मन यांच्या सीमेवरच्या आजारांपर्यंत ती पोहोचलेली नाही. त्यातच देशात लाख लोकसंख्येमागे एकही मनोविकारतज्ज्ञ पडत नाही, आणि बालकांचे तज्ज्ञ त्याहून दुर्मीळ. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा मराठीतही सल्ला देते. तिच्या सल्लागारांना पालकांच्या प्रशिक्षणाची वर सांगितलेली पद्धत शिकवली, तर गडचिरोलीतील किंवा सिंधुदुर्गातील आईला मुंबई-पुण्याची वारी न करता निदान पहिला आधार मिळू शकेल.

सामाजिक भुर्दंड वेगळाच. हात धुण्याच्या वेडाचे घरात आधी स्वच्छता म्हणून कौतुक होते. ते वाढले की आईने वळण लावले नाही असा ठपका येतो. आणि मूल ओरडू लागले की बाहेरची बाधा ठरते. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण आईला दिलेल्या दोषावर कोणताही कायदा चालत नाही. मेंदूवर उलटणाऱ्या प्रतिपिंडांचा एक गंभीर आजार २००७ मध्ये जोसेप दालमाऊ यांनी निश्चितपणे दाखवून दिला. त्यापूर्वी त्याच्या कित्येक रुग्णांवर निव्वळ वेडाचा शिक्का बसत असे. पॅन्डाजच्या बाबतीत पुढे तसेच सिद्ध होईल, असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये. तोवर मातेला आरोपी करू नये, एवढा धडा मात्र त्या इतिहासातून घेता येतो.

शिक्षकाची साक्ष

या सर्वांत शाळेची भूमिका मोलाची आहे. विकाराची सुरुवात कोणत्या दिवशी झाली, हे निदानासाठी अत्यंत महत्त्वाचे असते. त्याचा तारीखवार पुरावा शिक्षकाच्या टेबलावरच पडलेला असतो : मुलाच्या वह्या. मागच्या पंधरवड्याचे पान आणि आजचे पान शेजारी ठेवले, तर डॉक्टरला एरवी दहा प्रश्न विचारूनही न मिळणारी माहिती मिळते. हजेरीचे नियम मात्र अखंड आजारी किंवा अखंड निरोगी मूलच गृहीत धरतात. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राला चाळीस टक्क्यांची ठरावीक रेघ लागते. महिनाभर अंथरुणाला खिळून पुढचा महिना वर्गात पहिला येणारा विद्यार्थी त्या रेघेच्या कधी वर, कधी खाली असतो. डॉक्टरच्या दाखल्यावर उसळीच्या काळापुरती हजेरीची आणि लेखनाची सवलत देणे, हा शिक्षण खात्याच्या एका परिपत्रकाचा विषय आहे. त्यासाठी तिजोरीतून एक रुपयाही काढावा लागत नाही.

वैद्यकाला आपला संशय फेडायला आणखी काही वर्षे लागतील, आणि ती त्याला दिली पाहिजेत. परंतु आठ वर्षांच्या मुलाला तेवढी वर्षे थांबता येत नाही. निदान होईपर्यंतचा खर्च, रजा, हजेरी आणि दोष हे सारे एकट्या घराच्या नावावर मांडण्याची आजची रीत बदलणे हे शास्त्राचे काम नव्हे. विमा नियामक, आरोग्य खाते आणि शिक्षण खाते यांना ते उद्याही हाती घेता येईल. त्यासाठी नव्या संशोधनाची वाट पाहण्याचे कारण नाही.